बोचक्यात काय बांधता?

“पोरीले शिकाले पाठवलं का लोकाइच्या चिंध्या शिवाले?” आमच्या गल्लीतल्या वहिनींचा हा सवाल. त्यांची लेक कॉलेजात गेली आणि राष्ट्रीय सेवा योजनेत नाव देऊन आली. या मुली घरोघरचे जुने कपडे जमवतात, त्यांच्या पिशव्या आणि गोधड्या शिवतात. पिशव्या विकून दोरा-अस्तर आणतात आणि गोधड्या वीटभट्टीवरच्या लेकरांना देतात. वहिनींना वाटलं, अभ्यास बुडणार, वर लोक हसणार.

मला शिवण येतं म्हणून मुलींनी मलाही बोलावलं. मी मोठ्या ऐटीत एक बोचकं घेऊन गेले. लेकीनं ते सोडलं. काखेत फाटलेले ब्लाऊज, एकच मोजा, डागाळलेली उशीची खोळ. ती हळूच म्हणाली, “काकू, हे तं भांडेवालीनंही घेतलं नसतं.” मनात चर्रर्र झालं. खरंच होतं ते. चांगली साडी मी स्टीलच्या डब्यासाठी राखून ठेवली होती आणि नको ते दानाच्या खात्यात टाकलं होतं!

मैत्रिणींनो, आपण कितीजणी असंच करतो? ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा १८७६ साली याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. चिंध्या त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतल्या. गोरगरिबांसाठी मात्र धर्मशाळा बांधल्या. आपलं नेमकं उलटं चाललंय.

मुलींसोबत बसून मीही शिकले. जुनं सूत विरतं, म्हणून पिशवीला कापड दुहेरी घ्यावं लागतं. तळाला जुन्या जीन्सचा तुकडा लावला की पाच किलो ज्वारीही पेलते. चेन, बटणं, इलॅस्टिक आधी काढून डब्यात ठेवायचं. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी बाजारात भाजी त्यातूनच येते. घरची पिशवी हाती असेल तर मागायचं कारणच उरत नाही.

आता अभ्यासाचं. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर. म्हणजे आठवड्याला अडीच ताससुद्धा नाहीत. एवढा वेळ तर आपल्या मालिका खातात! आयांची काळजी मात्र खोटी नाही. मुली अंधार पडायच्या आत घरी याव्यात, शिबिरात सोबत शिक्षिका असाव्यात, हे कॉलेजला ठणकावून विचारा. पण विचारा, नुसतं “नको” म्हणू नका.

नांदगाव पेठला कापडाचे कारखाने आहेत. इथल्या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. नवं कापड विणणाऱ्या गावानं जुन्याचीही कदर करावी, असं मला वाटतं.

डिसेंबरच्या थंडीत आम्ही भट्टीवर गेलो तेव्हा वहिनीही आल्या. एका लेकरानं गोधडी अंगावर ओढून घेतली आणि आईला विचारलं, “हे आपलीच ना?” वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. परतताना लेकीला म्हणाल्या, “पुढच्या रविवारी माही मशीन घेऊन जा.”

तुमच्या कपाटातही एखादी धड साडी असेल. धुऊन, घडी घालून द्या. आणि लेक नाव द्यायला निघाली तर तिला अडवू नका.