खेळाचा पगार आणि भावाचा हेवा

नाताळच्या दुसऱ्या दिवशी धर्मग्रामातील घरे फिरत असता निपाणीजवळच्या एका खेड्यात एका कुटुंबाने आम्हांला जेवावयास ठेवून घेतले. घरात आजी, आई आणि दोन कर्ते मुलगे. थोरला बेळगावच्या उद्यमबागेत एका लहान कारखान्यात लेथवर काम करतो. धाकटा बंगळूरला संगणकाच्या एका कंपनीत अभियंता आहे. वडील गेल्यावर थोरल्याने शाळा सोडली म्हणून धाकट्याला शिकता आले, ही गोष्ट त्या घरात कोणी बोलून दाखवीत नाही. परंतु ती सर्वांस ठाऊक आहे.

जेवताना धाकटा मोठ्या उत्साहाने आपल्या कार्यालयाचे वर्णन करू लागला. दुपारचे जेवण फुकट, चहा-कॉफी हवी तितकी, टेबल-टेनिस व कॅरम खेळण्यास वेगळा दिवाणखाना, शुक्रवारी गाण्याची बैठक, आणि थकवा आल्यास घटकाभर पडावयास मऊ गाद्यांची खोली! आजीने उभा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीपुढे काढलेला. तिने हातचा घास तसाच धरून विचारले, "मग खेळायला बी पगार देत्यात व्हय रं?" सारे हसले. थोरला मात्र हसला नाही. "आमच्याकडं बसायला एक स्टूल मागितलं, तर मालक म्हणाला, बसलास की झोप येईल," एवढे बोलून तो भरल्या ताटावरून उठला.

वाचकहो, ते अर्धे टाकलेले ताट कित्येक दिवस आमच्या डोळ्यांपुढून हलेना. अशी घरे आज आपल्या सीमाभागात गावोगाव आहेत. एक भाऊ यंत्रापाशी उभा, एक वातानुकूलित दिवाणखान्यात. आणि सणाला दोघे एका पंक्तीला बसले म्हणजे दोघांच्या मधे काहीतरी सलते. त्याला एकदम 'हेवा' हे नाव देऊन उपदेश करणे आम्हां धर्मगुरूंस सोपे आहे. परंतु तो खरोखरच हेवा आहे काय?

आधी त्या सुखसोयींचा थोडा विचार करू. धाकट्याने सांगितले ते नवल नाही. इन्फोसिस कंपनीच्या म्हैसूर येथील शिक्षणकेंद्रात पोहण्याचा तलाव आहे, चित्रपटगृह आहे. अमेरिकेत गूगल कंपनी आपल्या नोकरांना फुकट जेवू घालते, हे जगजाहीर आहे. मालक हे दानधर्म म्हणून करीत नाहीत. बुद्धीचे काम थकलेल्या डोक्याने होत नाही. शिवाय हुशार माणूस दुसरीकडे जाऊ नये, आणि आला तो कार्यालयातच अधिक वेळ रमावा, हाही हिशेब त्यात असतो. धाकटा आम्हांला रस्त्यापर्यंत पोहोचवावयास आला, तेव्हा हळूच म्हणाला, "फादर, रात्रीचं जेवणही फुकट आहे, पण ते साडेआठनंतर थांबणाऱ्यालाच. मी महिन्यातून वीस दिवस तिथंच जेवतो. आईला सांगू नका." आणि ही सोय म्हणजे नोकरीची शाश्वती नव्हे. २०२३ च्या जानेवारीत त्याच गूगलने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. खेळाचे टेबल राहिले, खेळणारा घरी गेला.

तथापि कामाच्या ठिकाणी आनंद असावा, ही कल्पना मात्र परकी नाही. ती आपल्याच मातीतून गेलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी व त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान चालविले, पुढे लोखंडी नांगर घडविले. तेथील जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबरच कामगारांची घरे उठली. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. स्पृश्यास्पृश्यतेला तेथे थारा नव्हता. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, आणि त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक घडले. मालकाला शंभर वर्षांपूर्वी जर असे वाटू शकले की कामगाराला केवळ हात नाहीत, त्याला घर आहे, जिज्ञासा आहे, मान आहे, तर आज बसावयास स्टूल देणे जड का व्हावे?

जमशेदपूरचे उदाहरण याहून बोलके आहे. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला, १९१५ साली मोफत औषधोपचार, १९२० साली भविष्यनिर्वाह निधी. त्या काळी गिरणीतला मजूर हे ऐकून आमच्या आजीसारखाच अचंबित झाला असेल. परंतु आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९४८ च्या कायद्यात आली, आणि निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. एका कारखान्याची चैन म्हणून जे वाटले, ते पुढच्या पिढीत पुष्कळांचा हक्क झाले. कामगारांनी एकत्र येऊन मागितले, म्हणूनच असे कायदे होत असतात.

याउलट हेव्याला नुसते मोकळे सोडले तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २०१३ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को शहरात लोकांनी गूगलच्या नोकरांना नेणारी खासगी बस रस्त्यात अडविली. त्या गाड्या सार्वजनिक थांबे वापरीत, आणि शहरातील घरभाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती. लोकांचे गाऱ्हाणे खरे होते; पण बसमध्ये बसलेले तरुणही कोणाचे तरी भाऊच होते. त्यांची गाडी अडवून कोणाचे भाडे उतरले नाही.

हेव्यात आणि न्यायाच्या मागणीत हाच भेद आहे. हेवा म्हणतो, त्याचे काढून घ्या. न्याय म्हणतो, माझे मला द्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. सकाळपासून राबलेल्यांनी कुरकुर केली, कारण शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण दिवसाचा रोज मिळाला. धनी त्यांना त्यांच्या पोटदुखीची जाणीव करून देतो. हा दाखला पुष्कळदा मजुराला गप्प करण्यासाठी वापरला जातो. परंतु त्यातील एक गोष्ट विसरता कामा नये. त्या धन्याने पहिल्यांचा ठरलेला रोज एका पैशानेही कापला नव्हता. ज्याला आपले पुरते मिळाले, त्याची कुरकुर हेवा ठरेल. ज्याला आपले मिळालेलेच नाही, त्याच्या तोंडावर हा दाखला फेकण्याचा अधिकार कोणासही नाही.

आता स्टुलाचेच घ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमात स्पष्ट लिहिले होते की उभ्याने काम करणाऱ्या कामगारांस संधी मिळेल तेव्हा विसावा घेता यावा म्हणून बसण्याची सोय ठेवावी. २०२० च्या नव्या संहितेनेही ती सोय वगळलेली नाही. केरळात कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध लढा दिला, आणि २०१८ साली तेथील सरकारने कायदा दुरुस्त करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. त्यात पिण्याचे पाणी, शौचालय, पाळणाघर यांची तरतूद होती. पण घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला पाळणाघर कोठले? थोरल्याने मागितले ते स्टूल ही काही चैन नव्हती. मऊ गादी ही मालकाची मर्जी असेल. स्टूल हा माणसाचा मान आहे.

म्हणून आमचे सांगणे तिघांना आहे. ज्यांना सुखाची नोकरी लाभली त्यांनी सणाला घरी आल्यावर आपले सांगण्याआधी भावाला त्याच्या कामाविषयी विचारावे. आणि आपल्या कार्यालयात फरशी पुसणारी बाई व दारावरचा रखवालदार त्या फुकट जेवणाला बसतात काय, हेही पाहावे. ज्यांच्या पदरी कष्ट आले त्यांनी रागाचा रोख भावाकडे वळवू नये. जो देणे लागतो त्याच्याकडे चौघांनी मिळून, सौम्य पण स्पष्ट शब्दांत मागावे. आणि आमच्या धर्मग्रामात ज्यांची स्वतःची दुकाने, वर्कशॉपे, शेते आहेत, त्यांना कायदा लागू असो वा नसो, त्यांनी स्वच्छ पाणी, बसावयास जागा, आणि कामकऱ्यांच्या पंक्तीला बसून घेतलेला एक कप चहा, एवढ्याने आरंभ करावा. त्याला तलाव बांधावा लागत नाही.

निघताना आम्ही धाकट्याला एकच गोष्ट सुचविली होती. जानेवारीत थोरला मिस्सेनंतर भेटला. म्हणाला, "फादर, धाकटा सुट्टी संपायच्या आधी एक दिवस कारखान्यावर आला होता. सकाळपासून माझ्याशेजारी उभा राहिला. दुपारपर्यंत त्याचे पाय भरून आले." हे सांगताना तो हसला. मग थोडे थांबून म्हणाला, "रात्री साडेआठला तो काय खातो, तेही मला कळलं. त्याला म्हटलं, लवकर घरी जात जा."

स्टूल अद्याप आलेले नाही. पण ते मागण्यासाठी या सोमवारी लेथवरचे चौघे मिळून मालकाकडे जाणार आहेत.