डुकरांचें खत आणि जमिनीचा हिशेब

वराहपालनाचा विचार करणारे शेतकरी जात, खाद्य व बाजारभाव यांची चौकशी बारकाईनें करितात. परंतु मलमूत्राचें काय करावयाचें, हा प्रश्न गोठा उभा राहिल्यावरच सुचतो. माझ्या मतें हा क्रम उलटा आहे.

साठ-सत्तर किलोचें एक जनावर दिवसाकाठीं सुमारें ४ किलो मलमूत्र टाकतें. म्हणजे ५० जनावरांचे रोज २ क्विंटल व वर्षाचे ७० टनांवर झाले. धुण्याचें पाणी वेगळेंच. एवढें खत जिरविण्यास जमीन नसेल, तर तें ओढ्यांत जाणार हें उघड आहे.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत हा मैला उघड्या तळ्यांत सांठविण्याची वहिवाट पडली. १९९५ च्या जूनमध्यें एका तळ्याचा बांध फुटून सुमारें अडीच कोटी गॅलन मैला न्यू नदीस मिळाला व मासे मेले. १९९७ मध्यें तेथें नव्या तळ्यांस तात्पुरती बंदी झाली. १९९९ च्या फ्लॉइड वादळांत कित्येक जुनीं तळीं पुराखालीं गेलीं. २००७ मध्यें बंदी कायम झाली. हें शहाणपण आपण नुकसान न सोसतां घ्यावें.

कित्येक म्हणतात, ग्यासचें यंत्र बसविलें कीं झालें. ग्यास मिळतो व दुर्गंधी कमी होते, हें खरें. परंतु नत्र व स्फुरद रबडींतच राहतात. रबडीसही जमीन लागतेच.

विष्ठा व मूत्र शक्य तितकें निरनिराळें काढावें. विष्ठेंत भुसा, पाचट वा पालापाचोळा मिसळून छपराखालीं ढीग रचावा व तो वेळोवेळीं वरखालीं करावा. आंत ५५ अंश सेल्सियसवर उष्णता कांहीं दिवस टिकली, म्हणजे रोगजंतु व जंतांचीं अंडीं बहुतेक मरतात. कच्चें खत पालेभाजीस घालूं नये. झांकलेलें कुंड ढवळतांना प्राणघातक वायु निघतो. आंत माणूस कदापि उतरवूं नये.

माझी नोकरी महसुली दप्तरांत गेली. सातबाऱ्यावर पीक व विहीर यांची नोंद होते. उकिरड्याचें पाणी कोणत्या विहिरीस पोहोंचतें, याचा रकाना नाहीं. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें, असें भारतीय मानक सांगतें. अधिक झाल्यास वरच्या दुधावरील तान्ह्या मुलांस विशेष धोका असतो.

यास्तव आपल्या संस्थेनें सभासदास या धंद्याची शिफारस करण्यापूर्वीं विचारावें कीं, खत कोणत्या सर्व्हे नंबरांत जाणार? भूमिहीनांवर यानें अन्याय होईल, असा आक्षेप येईल. पण त्यांनीं शेजारच्या खातेदाराशीं लेखी करार करावा. चांगल्या कुजलेल्या खतास गिऱ्हाईक मिळतें, व तो पैसा त्यांच्याच पदरीं पडेल. करार होत नसेल, तर जनावरांची संख्या कमी करावी. शेजाऱ्याची विहीर नासल्यावर पंच बसविण्यापेक्षां आधींच हा हिशेब मांडणें सर्वांस स्वस्त पडेल.