ताजमहाल नको, खापर दाखवा

फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. झिलई अशी की लोक काचेला नाक लावून उभे राहतात. माझं मन मात्र या भांड्यांच्या गरीब पूर्वजाकडे जातं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण चीनमध्ये घडलेल्या, ठशांच्या नक्षीच्या मडक्याकडे.

मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, आतून गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं. आपला कुंभारही असंच ठोकतो. तिथल्या कुंभारानं थापटण्यावरच जाळी, चौकटी, नागमोडी रेघा कोरल्या. भांडं घट्ट होता होता नक्षी उमटायची; वेगळी मेहनत नाही. हजार अंशांच्या वर भाजलेली ही टणक भांडी. झिलईचं कौतुक नंतरचं.

हे इथे लिहायचं कारण आहे. ‘तुम्ही इथले कधीपासून?’ असं कुणी विचारलं की आपण मराठी मुसलमान झटकन लाल किल्ला, ताजमहाल पुढे करतो. अरे, पण कोकणातल्या खलाशाचा आणि मदनपुऱ्यातल्या विणकराचा त्या तख्ताशी संबंध काय? (ताज बांधणारे हातही कारागिरांचेच, पण त्यांची नावं कोण घेतो?)

अल-मसूदी हा अरब प्रवासी इ.स. 916च्या सुमारास चौलला आला होता. तो चौलला ‘सैमूर’ म्हणतो. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. ओमान, बसरा, बगदादहून आलेले, शिवाय इथेच जन्मलेले. राजा शिलाहार होता. बाबर दिल्लीला पोचला 1526 मध्ये, म्हणजे सहाशे वर्षांनी.

याच समुद्रावरून चिनी भांडी आली. चौलला त्यांची खापरं सापडली आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता मर्तबानांबद्दल लिहितो: प्रवासासाठी मिठात घातलेलं आलं, मिरी, लिंबू, आंबा भरलेल्या मोठाल्या बरण्या. अशा कित्येक बरण्यांच्या खांद्यावर ठसे असत. लालबागच्या गल्लीतून मसाला आणून लोणचं घालणारी बाई, ती कुठल्याही धर्माची असो, आजही बरणीला ‘चिनी मातीची’च म्हणते.

आणि आपल्या शाळांच्या प्रदर्शनात अजूनही थर्माकोलचा ताजमहालच उभा राहतो. चौलचं गलबत एकदा करून बघा की! थर्माकोलही कमी लागेल.