गणवेशाने काय मिटते, काय मिटत नाही

शालेय गणवेशाच्या समर्थनार्थ वर्षानुवर्षे एकच युक्तिवाद पुढे केला जातो: सर्वांचे कपडे सारखे असले की गरीब-श्रीमंत हा भेद वर्गाच्या दाराबाहेर राहतो, कपड्यांवरून होणारी चढाओढ थांबते आणि मुलांचे चित्त अभ्यासात लागते. विरोधकांचे म्हणणेही तितकेच जुने आहे. गणवेश मुलांचे वेगळेपण मारतो, सगळ्यांना एकाच साच्यातून काढतो, असे ते सांगतात. दोघे एकमेकांवर तुटून पडत असले, तरी कपडा मुलाला घडवतो किंवा बिघडवतो हे दोघांनाही मान्यच असते. वाढत्या वयातल्या मुलांचा कपड्यांशी असलेला व्यवहार इतका सरळ नाही.

आधी समतेचा दावा. गणवेशाचा उगम मुळात समतेत नाही. लंडनमध्ये १५५२ साली गरीब व निराधार मुलांसाठी क्राइस्ट्स हॉस्पिटल ही संस्था निघाली. तिथल्या मुलांचा लांब निळा डगला आणि पिवळे पायमोजे ही धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांची खूण होती. पुढे श्रीमंतांच्या शाळांनीही आपापले कोट, टोप्या आणि टाय ठरवले आणि तीच कल्पना प्रतिष्ठेची झाली. एकाच तऱ्हेच्या कपड्याने एका काळी गरिबी दाखवली, दुसऱ्या काळी ऐपत. भेद मिटवण्याचे काम त्याच्याकडे बरेच उशिरा आले. आजही एकाच शहरातल्या दोन शाळांचे गणवेश शेजारी ठेवले, तर पालिकेची शाळा कोणती आणि भरमसाट फीची कोणती, हे कोणताही रिक्षावाला सांगेल.

वर्गाच्या आत तरी भेद झाकला जातो का? महाराष्ट्रातील बेताच्या उत्पन्नाच्या घरांत गणवेश वाढत्या अंगाचा शिवण्याची रीत आहे. शिंपी कमरेला आणि खालच्या दुमडीत भरपूर माया ठेवतो. पहिल्या वर्षी शर्टाच्या बाह्या कोपराखाली लोंबतात, दुसऱ्या वर्षी कपडा अंगाबरोबर बसतो, तिसऱ्या वर्षी दुमड उसवून तो लांब केला जातो. धुऊन धुऊन विटलेल्या कापडाखाली मग मूळच्या गडद रंगाची पट्टी उघडी पडते आणि जुन्या शिवणीची रेघ दिसते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला तेवढी रेघ पुरते. थोरल्या भावाची पँट, मावसबहिणीचा ट्यूनिक, शर्टाला दुसऱ्याच रंगाचे बटण, हे सारे मुले क्षणात टिपतात. मोठ्यांना मात्र प्रार्थनेच्या रांगेत फक्त एकरंगी शिस्त दिसते.

कपडे सारखे केले की तुलना बुटांवर सरकते. बूटही ठरवून दिले, तर दप्तर, पाण्याची बाटली, मनगटावरचे घड्याळ, मधल्या सुट्टीतला डबा. अनेक शाळांत वाढदिवसाला रंगीत कपडे घालण्याची मुभा असते. त्या एका दिवसाची चर्चा आधी आठवडाभर चालते. कोणी नवा कोरा ड्रेस घालून वर्गभर चॉकलेटे वाटते, आणि एखादे मूल वाढदिवस असूनही गणवेशातच येते, कारण घालून मिरवावे असे घरी काही नसते. त्या दिवशी त्याचा गणवेश कोणताही भेद झाकत नाही; तोच भेद सांगतो.

अमेरिकेत याच दाव्याची परीक्षा झाली. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९९४ साली सरकारी शाळांत गणवेश सक्तीचा झाला आणि १९९६ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी संसदेपुढील वार्षिक भाषणात गणवेशाचा पुरस्कार केला. कपड्यांपायी होणारी मारामारी आणि हिंसा थांबेल, अशी अपेक्षा त्यामागे होती. १९९८ साली डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी ॲन रॉकेमोर या समाजशास्त्रज्ञांनी देशव्यापी माहिती तपासली, तेव्हा उपस्थिती, वर्तन किंवा अमली पदार्थांचे सेवन यांवर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही. गणवेशाचे श्रेय म्हणून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे शाळेने त्याच सुमारास केलेल्या इतर सुधारणांचे असू शकते.

महाराष्ट्रातही धडा ताजाच आहे. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना २०२३ साली जाहीर झाली. पुढच्या शैक्षणिक वर्षात राज्यभरासाठी कापड एकत्र खरेदी करून महिला बचत गटांकडून गणवेश शिवून घेण्याचे ठरले. बचत गटांना काम मिळावे हा हेतू वाईट नव्हता. पण शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी असंख्य मुलांच्या अंगावर जुनाच गणवेश होता, आणि जो आला त्याच्या मापाबद्दल व शिलाईबद्दल तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला. गणवेशाच्या निमित्ताने राज्याची एकता साधायला निघालेल्या योजनेत प्रत्येक मुलाच्या खांद्याचे माप मात्र निसटले. तिसरीतल्या सगळ्या मुलांची उंची सारखी नसते, हे गावातल्या शिंप्याला कुणी सांगावे लागत नाही.

आता दुसरा पक्ष. गणवेश व्यक्तिमत्त्व मारतो, या आरोपात व्यक्तिमत्त्व तयार अवस्थेत आत बसलेले असते आणि रंगीत कपडे मिळाले की ते बाहेर येते, असे गृहीत आहे. अनुभव उलटा आहे. दहावीपर्यंत गणवेशात वाढलेली मुले अकरावीत कनिष्ठ महाविद्यालयात जातात. पहिल्या आठवड्यात कपड्यांचा बाजार भरतो. दिवाळीपर्यंत निम्म्या वर्गाची जीन्स, टी-शर्ट आणि केसांची कापणी एकसारखी झालेली असते. शाळेने लादलेला गणवेश गेला, घोळक्याने ठरवलेला आला, आणि हा दुसरा अधिक कडक असतो. शाळेचा नियम मोडला तर शिक्षक ओरडतात; घोळक्याचा मोडला तर ‘काकूबाई’ किंवा ‘गावठी’ हे नाव वर्षभर चिकटते.

ही मुलांची उथळ नक्कल आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते चूक आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच फॅशनविषयी लिहिताना दाखवले होते की तिच्यात दोन ओढी एकाच वेळी काम करतात: एका गटात मिसळण्याची आणि दुसऱ्यापासून वेगळे दिसण्याची. किशोरवयात या दोन्ही ओढी टोकाला असतात. मित्रांसारखे दिसायचे आणि आईवडिलांसारखे दिसायचे नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते या वयातील टोळकेबाजी आणि पोशाखाच्या बारीकसारीक बाबतीतली असहिष्णुता हा, आपण कोण हे ठरत नसल्याच्या गोंधळापासून केलेला बचाव असतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही संकल्पना मांडली. सगळे जण आपल्याकडेच पाहत आहेत, असे या वयात वाटत राहते. नाकावरच्या पुटकुळीपायी लग्नाला न जाणारी मुलगी आणि उसवलेल्या दुमडीपायी बाकावरून न उठणारा मुलगा हे दोघे त्या प्रेक्षकांपुढेच उभे असतात. ‘कोण बघतंय तुझ्याकडे?’ हा घरातला ठरलेला प्रश्न म्हणूनच निष्फळ ठरतो.

आणि वेगळेपण गणवेशातही मरत नाही. पँट खालून अरुंद करून घेणे, टायची गाठ सैल सोडणे, मुख्याध्यापक वळले की शर्ट बाहेर काढणे, स्कर्टची पट्टी कमरेशी दुमडून तो आखूड करणे, ओढणी नियमाबरहुकूम पण वेगळ्याच घडीने लावणे, असे शंभर मार्ग मुले काढतात. शाळेला ती बेशिस्त दिसते. खरे तर मर्यादेत राहून स्वतःचे काहीतरी करून पाहण्याचा तो पहिला सराव असतो. त्यावर पट्टी उगारणाऱ्या शिक्षकाने आपल्या शर्टाच्या इस्त्रीवर सकाळी किती वेळ गेला, हे आठवून पाहावे.

मोठ्यांचा तिसरा आक्षेप सर्वांत ढोंगी आहे: कपड्यांत काय ठेवलंय, माणूस चांगला हवा. मोठ्यांच्या जगात कपड्यांत पुष्कळ ठेवलेले असते. अठराएकोणीस वर्षांचे गांधी १८८८ साली लंडनला पोहोचले आणि इंग्रजांत शोभून दिसण्यासाठी त्यांनी उंच हॅट घेतली, बाँड स्ट्रीटवर सूट शिवून घेतला. टाय आणि केस नीट करण्यात रोज दहा मिनिटे आरशापुढे जात, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्या मुलाला व्यक्तिमत्त्व नव्हते, असे म्हणायला कुणी धजावणार नाही. दुसरे उदाहरण महाडचे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात सांगणारी पद्धत सोडून घोट्यापर्यंत नेसण्यास आणि तशाच ओळख पटवणाऱ्या ओबडधोबड दागिन्यांचा त्याग करण्यास सांगितले. स्त्रियांनी लगेच तसा बदल केला. कपडे क्षुल्लक असते तर समाजाने त्यांवर इतकी बंधने घातली नसती आणि ती तोडण्यासाठी परिषदेत बोलावे लागले नसते.

मुलींच्या बाबतीत हा मुद्दा अधिक बोचरा होतो. अनेक मराठी शाळांत सातवीपर्यंत स्कर्ट किंवा ट्यूनिक आणि आठवीपासून सलवार-कमीज-ओढणी असा बदल ठरलेला असतो. मुलगा हाफपँटमधून फुलपँटमध्ये जातो तेव्हा त्याला बढती मिळाल्यासारखे वाटते; मुलीला मात्र ओढणी सांभाळत धावायचे कसे, हा प्रश्न पडतो आणि तिचे मैदान आटते. हे दडपण मैत्रिणींचे नसते, शाळेच्या परिपत्रकाचे असते. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ पासून मुलामुलींना सारखीच गुडघ्याखाली येणारी पँट आणि शर्ट दिला. पळण्या-उड्या मारण्याची सोय हे त्यामागचे साधे कारण होते. धर्माच्या बाबतीतही कपड्यावर असाच भार टाकला जातो. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने धर्म दिसू नये म्हणून हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली आणि नावांवरून धर्म कळत नाही का, असा प्रश्न केला. कपडा काढून ओळख निघत नाही.

मग गणवेश नकोच का? हवा, पण समतेच्या भाषणाशिवाय. त्याचे खरे समर्थन साधे आणि भक्कम आहे: तो खर्च मर्यादित करू शकतो आणि रोज सकाळी काय घालायचे, हा ताण कमी करतो. कपड्यांच्या पाच जोडांऐवजी दोनात वर्ष निघते, आणि ज्या घरात कपाटापेक्षा दोरी जास्त भरलेली असते तिथे हे लहान काम नाही. ही काटकसर खरी ठरण्यासाठी मात्र कापड आठवडी बाजारात मिळणारे हवे, शाळेचे बोधचिन्ह वेगळे शिवून लावता येणारे हवे आणि दर दोन वर्षांनी रंग बदलण्याची हौस आवरायला हवी. इंग्लंडमध्ये गणवेशाचा खर्च पालकांना परवडावा यासाठी २०२१ साली कायदाच करावा लागला. विशिष्ट दुकानातूनच गणवेश घ्यायला लावणारी शाळा समतेचे नाव घेत असेल, तर ती धंदा करते आहे असेच म्हणावे लागेल. माप, खिसे आणि कापडाची जाडी यांविषयी मुलामुलींनाही विचारावे. ते कपडे आठ तास त्यांच्या अंगावर असतात.

शाळेबाहेर मात्र निवड मुलांच्या हाती द्यावी. घराने रक्कम ठरवावी, काय घ्यायचे ते मुलाने ठरवावे. सगळ्यांसारखी महागडी जीन्स घेतली की बुटांना पैसे उरत नाहीत, हे प्रवचनातून कळत नाही; दुकानात उभे राहिल्यावर कळते. दोन महिन्यांत ती आवडेनाशी झाली तर तेही शिकणेच आहे.

राहता राहिला तो भाग, ज्यात कपड्यांचा दोष नसून वागणुकीचा आहे. गणवेश नाही, मळका आहे किंवा रंग उडालेला आहे म्हणून मुलाला वर्गासमोर उभे करण्याची पद्धत अजून चालते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा कलम १७ अन्वये मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई करतो. असे अपमानित करून उभे करणे हा मानसिक छळच आहे, आणि त्याची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करण्याचा पालकांना अधिकार आहे.