संत्र्याच्या गावात साखरेचं पाणी

शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्र्याच्या बागा अन् कलमांच्या नर्सऱ्या आठवतात. पण मधल्या सुटीत पोरांच्या हातात काय असतं? नारिंगी रंगाची बाटली! अशा ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साखर ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्यांनाही दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. त्या मुलांना बोल लावू नका. टाइप २ मात्र बराचसा टाळता येतो आणि तो आता किशोरवयातच गाठू लागलाय.

नियम आहेत. २०१७ मध्ये राज्याने शाळेच्या कॅन्टीनमध्ये जंक फूडला बंदी घातली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी गेटपासून ५० मीटरपर्यंत ते विकायला मनाई केली. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. मग आपल्या गावच्या शाळेने परिपत्रकाची वाट कशाला पाहायची?

१४ नोव्हेंबरला बालदिन असतो, जागतिक मधुमेह दिनही. त्या सुमारास गावी असाल तर सरांना विचारून जुन्या शाळेत जा. बाटलीवरचं लेबल पोरांकडूनच वाचून घ्या, तेवढी साखर चमच्याने मोजा आणि तक्त्यावर लिहा. आंबियाचा संत्रा तेव्हा निघालेलाच असतो. जाताना पिशवीभर न्या.