भावंडांची नावे जुळावीत का? इतिहासाची साक्ष

१/ पहिल्या मुलाचे नाव ‘आरव’ ठेवले, की दुसऱ्याचे ‘आरुष’ हवे आणि मुलगी झाली तर ‘आरोही’. जुळी असतील, तर दोन नावांत एखाद्या अक्षराचाच फरक असावा, असा आग्रह. ही हौस आजची वाटते. परंतु भावंडांची नावे जुळविण्याची परंपरा फार जुनी आहे. तिचा इतिहास आणि त्यावरून बनलेले माझे मत या थ्रेडमध्ये मांडतो.

२/ प्रारंभ महाभारतापासून करू. काशिराजाच्या तीन कन्या : अंबा, अंबिका, अंबालिका. ‘अंबा’ म्हणजे माता. उरलेली दोन नावे त्याच शब्दाची लाडिक रूपे. भीष्मांनी तिघींना एकाच वेळी, एकाच वरासाठी, जणू एक संच म्हणून हस्तिनापुरास आणले. त्यांतली अंबा मात्र म्हणाली, की माझे मन शाल्वराजाकडे आहे. नावे एका साच्यातली होती, माणसे नव्हती.

३/ आता जुळी भावंडे पाहा. नकुल आणि सहदेव, लक्ष्मण आणि शत्रुघ्न : या जोड्यांच्या नावांत यमक नाही. लव-कुशांची नावे जुळतात, ती नादाने नव्हे, अर्थाने. कुश म्हणजे दर्भ आणि लव म्हणजे त्याचाच खालचा भाग. एकाच गवताची दोन अंगे, तरी दोन स्वतंत्र शब्द.

४/ अर्थाने जुळलेल्या नावांचे सर्वांत सुंदर उदाहरण आळंदीचे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. निवृत्तीतून ज्ञान, ज्ञानाच्या सोपानावरून, म्हणजे जिन्यावरून, मुक्ती. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आलेले आणि त्यापायी समाजाने बहिष्कृत केलेले. अशा घरात थोरल्याचे नाव ‘निवृत्ती’ असणे, यात केवढा अर्थ साठला आहे!

५/ कृतज्ञतेनेही नावे जुळतात. मालोजीराजे भोसल्यांना दीर्घकाळ अपत्य नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केल्यावर दोन पुत्र झाले. एक शहाजी, दुसरा शरीफजी, अशी परंपरा आहे. एका नावाचे दोन भाग दोन भावांत वाटले गेले. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले. शहाजींचे नाव इतिहासात राहिले.

६/ आठवण हा तिसरा धागा. शिवरायांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. १६५७ मध्ये शिवरायांना पुत्र झाला, त्याचे नाव संभाजी. येथे नाव शेजारच्या भावंडाशी नव्हे, गेलेल्या माणसाशी जुळविले आहे. मराठी घरांतील आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत याच जातीची.

७/ पण हाच धागा पुढे गुंतला. राजाराम महाराजांच्या दोन पुत्रांची नावे : ताराबाईंचा शिवाजी आणि राजसबाईंचा संभाजी. महाराष्ट्राला याहून थोर जोडी कोणती? परंतु १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. शिवाजी मातेसह कैदेत गेला आणि संभाजी गादीवर आला. त्यांचे प्रतिस्पर्धी शाहू महाराज, त्यांचेही जन्मनाव शिवाजीच!

८/ पेशवाईतही तेच. थोरले बाजीराव आणि चिमाजी अप्पा हे बंधुप्रेमाचे आदर्श. १७३९ मध्ये वसई जिंकणारे अप्पा १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ काही महिन्यांतच गेले. रघुनाथरावांनंतर त्यांच्या मुलांत हीच जोडी पुन्हा दिसते : दुसरा बाजीराव आणि दुसरा चिमाजी. १७९६ मध्ये धाकट्या चिमाजीला सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले गेले. म्हणजे नात्याने तो आपल्याच पुतण्याचा मुलगा झाला. त्याच वर्षअखेर पेशवेपद थोरल्याकडे आले.

९/ दिल्लीकडे पाहा. शाहजहानच्या कन्या जहाँआरा, रोशनआरा, गौहरआरा. ‘आरा’ म्हणजे शोभविणारी. नावे एका माळेतली. पण वारसायुद्धात जहाँआरा दारा शुकोहच्या बाजूने, तर रोशनआरा औरंगजेबाच्या. नावांमुळे फूट पडली, असे मुळीच नव्हे. सांगायचे एवढेच, की नावे जुळविल्याने मने जुळत नाहीत.

१०/ आपल्याकडे मुलींच्या बाबतीत ही जुळणी टिकतही नसे. लग्नात नाव बदलले, की माहेरच्या भावंडांशी असलेला नावाचा धागा तुटला. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच! नव्या नावाची जुळणी बहुधा पतीच्या नावाशी होई. नावे जुळविण्याच्या हौसेत ज्याचे नाव, त्याला कोणी विचारत नसे, हे येथे सर्वाधिक जाणवते.

११/ मला सर्वांत भावणारे उदाहरण चापेकर बंधूंचे. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. ऐकताना यमक नाही, आद्याक्षर एक नाही. पण तिन्ही नावे कृष्णाची आणि वडिलांचे नाव हरी! १८९७ च्या रँड वधानंतर १८९८-९९ मध्ये तिघेही फासावर गेले. ही नावे एकत्र घेतली तरी कुणीही दुसऱ्याची सावली वाटत नाही.

१२/ ‘यमकात वाईट ते काय? हाक मारायला गोड वाटते!’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पाळण्याजवळ नाद हवाच. परंतु पाळणा दोन वर्षांचा आणि नाव आयुष्यभराचे. शाळेच्या हजेरीपटावर, गुणपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर ते नाव एकटेच जाते. तिथे शेजारी भावंड नसते. जुळ्यांची तर जन्मापासून तुलनाच होत असते. वेगळे नाव ही त्यांना मिळणारी पहिली स्वतःची वस्तू.

१३/ म्हणून माझे मत असे : नावे जुळवावीत, पण आतून. अर्थाने, ऋणाने, आठवणीने. कसोटी साधी आहे. दुसऱ्या भावंडाचे नाव झाकून पाहा. उरलेल्या नावाला स्वतःचा अर्थ आहे का? ‘सोपान’ एकटाही अर्थपूर्ण आहे. केवळ यमक साधण्यासाठी जोडलेली अक्षरे जोडी फुटताच पोकळ होतात.

१४/ आणि थोरांची नावे देताना ध्यानात असू द्या : नावासोबत पराक्रम येत नाही, अपेक्षेचे ओझे मात्र येते. आपल्या घराण्याची वंशावळ काढून पाहा. पणजोबांची, त्यांच्या भावंडांची नावे कशाने जुळली होती : देवाने, नवसाने, की कोणाच्या स्मरणाने? आणि बहिणींची माहेरची नावे वंशावळीत सापडतात का, हेही अवश्य पाहा. सापडले, तर खाली लिहा.