आधी बिलं काढा, मग प्रस्ताव करा

गावाला सोलर पाहिजे म्हणून तालुक्याला खेटे घालण्याआधी पंचायतीच्या कपाटातून वर्षभराची वीजबिलं बाहेर काढा. दिवाबत्तीची वेगळी, पाणीपुरवठ्याची वेगळी. दोन-चार सापडणार नाहीतच. ग्राहक क्रमांक टाकला की ऑनलाइन मिळतात.

मग भर दुपारी गावातून एक फेरी मारा आणि किती दिवे जळताहेत ते मोजा. आमच्याकडे मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत अकरा भरले. बटणच नव्हतं, कुणीतरी थेट तार जोडून दिलेली. जुनी ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खाते. असे 50 दिवे रात्रंदिवस चालले तर रोजचे 60 युनिट. तिथे 20 वॅटचे एलईडी लावा, टायमर बसवून रात्रीचे बारा तासच चालवा, काम 12 युनिटांत भागतं. विहिरीवरची मोटरही बघून घ्या. फूट व्हॉल्व्ह गळका असेल तर पाइप रिकामा होतो आणि पाणी चढेपर्यंत मोटर फुकट फिरते. हे सगळं न करता पॅनेल बसवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

आता पैशाचं. गावाच्या विकास आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा लावता येत नाही, म्हणून आराखडा होतानाच ग्रामसभेत बोला. ठरावात ‘गाव सौर करणे’ असं मोघम लिहू नका. किती दिवे, किती वॅट, कोणता मीटर, बिल आज किती आणि नंतर किती, हे लिहा. हातातली बिलं इथे कामाला येतात.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान 3 किलोवॅटला 78,000 रुपये, पण ते पॅनेल बसवून झाल्यावर घरमालकाच्या खात्यात येतं, पंचायतीच्या नाही. यावरून पारावर भांडणं झालेली मी पाहिली आहेत. याच योजनेत स्पर्धेतून निवडलेल्या जिल्ह्यातल्या एका आदर्श सौर गावाला 1 कोटी मिळतात खरे, पण त्या स्पर्धेला 5,000 च्या वर लोकवस्ती लागते. छोट्या वाडीनं त्यामागे धावण्यात दम घालवू नये. त्यापेक्षा राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान बरं. त्यात पंचमहाभूतांवर गुण मिळतात आणि त्यांतल्या ‘अग्नी’त ऊर्जेच्या कामाला गुण आहेत. आणि वाडी लहान म्हणून हात टेकायचं कारण नाही: पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी लहानच, तरी 2024 मध्ये तीच राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अर्जात कुणी विचारत नाही. आमच्या वेशीवर एक सोलरचा खांब आहे. बॅटरी केव्हाच गेली, पॅनेलवर कावळ्यांनी रांगोळी घातली आहे आणि पोरं त्याला बैल बांधतात. तेव्हा ठराव लिहितानाच ठरवून टाका, महिन्यातून एकदा ओलं फडकं घेऊन शिडीवर कोण चढणार आणि बॅटरी बदलायचे पैसे कुठल्या खात्यात साठणार. माणसाचं नाव घाला. नुसतं ‘पंचायत’ लिहिलंत की कुणीच चढत नाही.